एमएसडब्ल्यू करायचं मनात आहे, घरचे बीएड म्हणतात

माळावरची

नमस्कार. मी केज तालुक्यातली. बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. मार्क बरे पडतात. इंग्रजी वाचलेलं कळतं, बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो.

आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. आमचं घर जात नाही, वडील शाळेत शिपाई आहेत. मागच्या हंगामात गावात हंगामी वसतिगृह चाललं, आईबाप फडावर गेलेल्या पोरांसाठी. तिथं संध्याकाळी अभ्यास घ्यायला मी जात होते. त्या निमित्तानं एका संस्थेची ताई भेटली, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली. आठवीतल्या एका पोरीचं लग्न उरकून तिला नवऱ्याच्या जोडीनं ऊसतोडीला, कोयत्यावर पाठवायचं घरात चाललं होतं. ही ताई आधी तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडे गेली, मग ग्रामसेवकाकडे, आणि शेवटी पोरीच्या आजीजवळ चुलीपाशी जाऊन बसली. मुकादमाशी उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाचा हिशेब बोलली, ग्रामसेवकाशी कायद्याचं बोलली. आजीपुढं मात्र लग्नाचं एक अक्षर काढलं नाही, तिच्या गुडघ्यांचंच विचारत राहिली. लग्न त्या वर्षी तरी झालं नाही.

मी तिला विचारलं, हे कुठं शिकवतात का? म्हणाली, शिकवतात, पण पगाराचं विचारू नकोस.

तर मी इथं पगाराचंच विचारतेय. आप्पा म्हणतात बीएड कर, कुठंतरी चिकटशील. मामाचं म्हणणं, समाजसेवेला डिग्री कशाला लागते, दिवसा नोकरी करावी आणि संध्याकाळी समाजसेवा. एमएसडब्ल्यू झाल्यावर नेमकं काम काय मिळतं, कोण ठेवून घेतं, ते टिकतं का? आणि शिकायला मुंबई-पुण्यालाच जावं लागतं का? खरं सांगा, गोड सांगू नका.

बंडूनाना

गोड नको म्हणालात म्हणून सांगतो. बॅनर, फोटो आणि बिलं, यालाच एनजीओ म्हणतात. आमच्या गल्लीत तीन संस्था नोंदलेल्या आहेत, तिन्हींचा अध्यक्ष एकच. त्यापेक्षा तलाठ्याची तयारी करा, नाहीतर पोलीस भरती. मामा बरोबर बोलतात.

केसपेपर

बंडूनाना, तुमच्या गल्लीतल्या अध्यक्षांना आमचा नमस्कार सांगा. पण ही मुलगी संस्था काढायचं विचारत नाहीये, नोकरीचं विचारतेय.

माळावरची, मी मुंबईत एका सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. मूळची कराडची. केस याच कामात पांढरे झाले. तुझ्या मामापासून सुरू करते, कारण त्याचा प्रश्न मला आमच्याकडच्या नव्या डॉक्टर मुलांकडूनही ऐकावा लागतो, फक्त जरा इंग्रजीत.

वॉर्डातून निरोप येतो, ‘मॅडम, डायलिसिसचा एक पेशंट सारखा दांड्या मारतो, जरा समजावून सांगा.’ डॉक्टरांच्या लेखी हा हट्टी माणूस. (ओळख पटू नये म्हणून तपशील फिरवलेत.) त्याच्याशी बोलायला बसलं की वेगळंच निघतं. आठवड्यातून तीनदा कर्जतच्या पुढून लोकलनं यायचं, म्हणजे तीन खाडे. हा नाक्यावरचा मजूर, बायको सोबत आली तर तिचाही रोज बुडतो. रेशनकार्ड भावाच्या नावावर. भाऊ वेगळा राहतो, आणि कार्ड मागायला गेलं की जमिनीच्या वाटणीचा विषय निघतो, म्हणून हा जातच नाही. आधारवर आडनावात एक वेलांटी वेगळी, त्यामुळे योजनेत नाव बसता बसत नाही. एवढं सगळं मिळून वॉर्डात त्याचा ‘हट्ट’ झालेला असतो. समजावून सांगण्यासारखं त्यात काय आहे? त्याला परिस्थिती आपल्यापेक्षा जास्त समजलेली असते.

मग काम सुरू होतं. त्याच्या घराजवळ योजनेत बसणारं डायलिसिस केंद्र आहे का ते शोधायचं. कार्ड विभक्त करायला तहसीलला कुठला अर्ज लागतो ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं. रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला गाठायचं. भावाला फोन लावायचा आणि जमिनीचा ‘ज’ निघू न देता कार्डाची झेरॉक्स मिळवायची. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म डॉक्टरांच्या सहीसाठी पुढं सरकवायचा. आणि बायकोला एकटीला बाजूला बसवून बोलायचं, कारण नवऱ्यासमोर ती ‘सगळं ठीक आहे’ यापलीकडे काही बोलणार नाही.

यातली माहिती मोबाइलवर कुणालाही मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू झालीय. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. उच्च न्यायालयानं मंजूर केलेली ती योजना २००६ पासून आहे, शिवाय एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत टाकावी लागते. परळला टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर झोपलेल्या कुटुंबाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा माहीत नसते, आणि माहीत असली तरी तिथं रुग्णालयाचं पत्र लागतं हे माहीत नसतं. पण हे कुणाला, कधी आणि कुठल्या क्रमानं सांगायचं, समोरचा गप्प बसला तर आपणही कधी गप्प बसायचं, कुठल्या कामासाठी आपण फोन करायचा आणि कुठला त्यालाच करू द्यायचा, हे शिकावं लागतं. तुझ्या त्या ताईनं आजीच्या गुडघ्यांची चौकशी केली ना, तेच. तिला कुणीतरी चांगलं शिकवलंय.

मामाला सांग, १९३६ साली मुंबईत याच कामासाठी सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं. नागपाड्याच्या वस्तीत नेबरहूड हाऊस चालवणारे क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. तेच पुढं टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झालं. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उत्तर केव्हाच देऊन झालंय, केजपर्यंत पोचायला उशीर झाला एवढंच.

आता पोटापाण्याचं. माझ्याकडे फील्डवर्कला येणाऱ्या मुलांना मी एकच सांगते. कुठलंही पद बघताना त्याच्या मागं काय उभं आहे ते बघा. कायदा की प्रकल्प?

प्रकल्पाची नोकरी पटकन मिळते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून नोकऱ्या आल्या, खोटं कशाला बोलू. पण कंपनीचा विषय बदलतो. काल शौचालयं होती, आज डिजिटल वर्ग, उद्या झाडं. विषय बदलला की माणसं बदलतात. परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांचं तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अवघडच झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि मोठ्या संस्थेनं लहान संस्थेला तो पैसा पुढं देणं बंद झालं. तालुक्याच्या गावात चार-पाच माणसांवर चालणाऱ्या संस्था अशाच पैशावर उभ्या होत्या. अशा नोकरीत माझ्या ओळखीच्या मुलांना सुरुवातीला पंधरा ते पंचवीस हजारांच्या मधे मिळतं आणि फेब्रुवारी लागला की सगळ्यांचे चेहरे उतरतात, कारण मार्चनंतर प्रकल्प वाढणार की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं.

कायद्याच्या बाजूची पदं थोडी, पण आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद असतं, जाहिरात निघायला वर्षं लागतात पण निघते. अवयव प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयाला प्रत्यारोपण समन्वयक ठेवावाच लागतो, तिथं आपली मुलं चांगलं काम करतात. मेंदूमृत माणसाच्या नातेवाइकांशी बोलणं येरागबाळ्याचं काम नाही. मनोरुग्णालयात जायचं असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्या वाच. नुसतं एमएसडब्ल्यू पुरत नाही, वर दोन वर्षांचं मानसोपचार समाजकार्यातलं एमफिल लागतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यानं संरक्षण अधिकारी आणले. पोलिसांच्या आवारात बसून बायकांच्या तक्रारींवर काम करणारे विशेष कक्षही आहेत. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टिसनं पहिला सुरू केला, आज राज्यभर पसरलेत. एचआयव्ही समुपदेशकांतही आपली मुलं बरीच, पण ती पदं कंत्राटी.

एक मात्र डोळ्यांत तेल घालून बघ, जाहिरातीतली पात्रतेची ओळ. समाजकल्याण खात्याच्या कित्येक पदांना कुठलीही पदवी चालते. नावात ‘समाज’ आहे म्हणून आपल्यासाठी राखलंय असं नसतं. इतिहासवाला, भूगोलवाला सगळे तुझ्या रांगेत असतात आणि चाचणीत गणित-बुद्धिमत्ताच येते.

बाकी कॉलेजचं नंतर लिहिते, ओपीडी सुरू झाली.

तिसरी पाळी

ताई, केसपेपर मॅडमनी एक मोठा दरवाजा सोडला म्हणून लिहितो. मी एमएसडब्ल्यू करून चाकणला एका गाडीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत कल्याण अधिकारी आहे. आमच्या बॅचमध्ये कारखान्यात जाणाऱ्यांना बाकीचे ‘मालकाची माणसं’ म्हणायचे. म्हणोत.

कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४९ प्रमाणे ५०० कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ही अट २५० वर आलीय. म्हणजे ज्या कारखान्यांना कल्याण अधिकारी ठेवावा लागत नव्हता त्यांतल्या काहींना आता लागणार. फक्त राज्याचे पात्रतेचे नियम बघून घ्या, कुठलं स्पेशलायझेशन चालतं ते त्यात असतं. काही विद्यापीठांत एमएसडब्ल्यूलाच मनुष्यबळ आणि कामगार कल्याणाचा गट घेता येतो.

काम काय? कॅन्टीनची आमटी, पाळणाघर, विश्रांतीची खोली, बसच्या वेळा, हे तर आहेच. खरं काम गैरहजेरीत असतं. एखादा चांगला ऑपरेटर सोमवारी यायचा बंद होतो. एचआरवाला थेट नोटीस टाइप करायला घेतो. मी त्याच्या खोलीवर जातो. दारू असते, कर्ज असतं, कधी गावाकडं बापाचं ऑपरेशन असतं आणि सांगायला लाज वाटलेली असते. प्रत्येक वेळी नोकरी वाचते असं नाही. युनियनला वाटतं मी व्यवस्थापनाचा, व्यवस्थापनाला वाटतं मी युनियनचा. दोघांनाही तसं वाटतंय तोवर माझं बरं चाललंय असं मी समजतो.

पगार एनजीओपेक्षा चांगला, वेळेवर, पीएफसकट. मुली या बाजूला कमी येतात. का ते मला कळत नाही, आमच्याकडे असेंब्लीच्या लाइनवर अर्ध्या मुलीच आहेत आणि त्यांना माझ्याशी बोलायला अवघडच होतं.

रानवाट

केसपेपर ताईंचा कायदा-प्रकल्प हिशेब ऐकायला छान आहे. आमच्या बाजूला तो बसत नाही.

मी जिल्हा बाल संरक्षणात आहे. जिल्हा सांगत नाही, कारण उद्या ऑर्डर निघायचीय. आमच्यामागं २०१५ चा बाल न्याय कायदा उभा आहे, भक्कम. सापडलेलं मूल २४ तासांत बाल कल्याण समितीपुढं हजर करायचं. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेला मुलगा पहिल्यांदा बाल न्याय मंडळापुढं आला की पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. कायद्यानं आमच्याकडून सगळं मागितलंय, फक्त आम्हाला कायम केलेलं नाही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर, मधे खंड, पुन्हा ऑर्डर. मानधन कधी दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा. तेव्हा माळावरची, कायदा मागं असला म्हणजे पगार मागं असतोच असं धरून चालू नकोस.

तरीही मी अजून इथंच आहे, त्याचं कारण सांगतो. तो सामाजिक तपासणी अहवाल. परवा नव्यानं लागलेल्या एका मुलानं लिहून आणला. ‘मुलगा वाईट संगतीला लागलेला आहे, पालकांचे लक्ष नाही.’ मी विचारलं, संगत म्हणजे कोण? लक्ष नाही हे कशावरून? तू घरी किती वाजता गेलास? दुपारी बारा. दुपारी बारा वाजता आई वीटभट्टीवर असणार, मग लक्ष कसं दिसेल? परत पाठवला, संध्याकाळी जायला सांगितलं. दुसऱ्या अहवालात आलं, आई सहाला परत येते, मुलगा तोवर धाकट्या बहिणीला सांभाळतो, शाळा सहावीत सुटली कारण सातवीचा वर्ग दुसऱ्या गावाला आणि बहिणीला ठेवायचं कुणाकडं. मोबाइल चोरला तो भट्टीच्या मुकादमाचा, ज्यानं आईची मजुरी अडवली होती. एकाच मुलावरचे दोन कागद. मंडळात न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात, ते हा कागद वाचून ठरवतात की पोरगा निरीक्षणगृहात राहणार की घरी जाणार. मला या कामात एवढं वजन असलेली दुसरी गोष्ट माहीत नाही.

म्हणून शिकताना मराठीत स्वच्छ लिहायला शिक. जे दिसलं ते वेगळं, जे कुणी सांगितलं ते वेगळं, जे तुला वाटलं ते तिसऱ्या जागी. एमएसडब्ल्यूला फील्डवर्कची रेकॉर्डिंग लिहायला लावतात तेव्हा पोरं कंटाळतात, मागच्या वर्षीच्या मुलांची उतरवून काढतात. तिथंच घात होतो.

आणि ती ताई ग्रामसेवकाकडं गेली ते उगाच नाही. आपल्याकडं गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी तोच असतो. बऱ्याच ग्रामसेवकांना हे आठवण करून द्यावं लागतं, तेही चारचौघांत नाही.

केसपेपर

रानवाट, मान्य. ‘कायदा मागं असलेलं मंजूर पद’ असं म्हणायला हवं होतं. कंत्राटाचं दुखणं आता आमच्या रुग्णालयांतही शिरलंय. पण कायदा असला की निदान कोर्टात विचारता तरी येतं की या कामाला माणूस का नाही. प्रकल्प संपला की विचारायची जागाच उरत नाही, एवढा फरक मी धरूनच चालते.

तुम्ही अहवालाचं लिहिलंत ते आमच्या मुलांना वाचून दाखवणार आहे, परवानगी गृहीत धरते.

बंडूनाना

रानवाट साहेब, मानधन दोन महिन्यांनी येतं आणि तुम्ही पोरीला या म्हणताय? कमाल आहे.

रानवाट

या म्हटलेलं नाही नाना. आलीस तर काय शिक ते सांगितलं. आणि तलाठी भरतीला एका जागेमागं किती अर्ज असतात ते तुम्हीही सांगा तिला.

माळावरची

सगळ्यांचे खूप आभार. रानवाट दादा, तो अहवालाचा भाग मी आप्पांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण ‘पुन्हा वाच’ म्हणाले. मामाला अजून सांगितलेलं नाही.

केसपेपर ताई, आता कॉलेजचं सांगा ना. टिसचं नाव ऐकलंय, तुळजापूर आमच्यापासून फार लांब नाही. पण इंग्रजीची भीती वाटते. आणि फीचं कसं करायचं? आम्ही ओबीसीत येतो. मुंबईला मुलीला एकटी ठेवायचं म्हटलं की आई जेवत नाही, हे वेगळंच.

केसपेपर

आईचं आपण बघू, आधी कॉलेज.

नाव बघून कॉलेज निवडू नकोस, फील्डवर्क बघून निवड. एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं. बहुतेक ठिकाणी आठवड्यातले दोन दिवस तू वर्गाबाहेर असतेस. वस्तीत, शाळेत, रुग्णालयात, तुरुंगात, पंचायतीत. मधे ग्रामीण शिबिर, शेवटी सलग काही आठवड्यांचं काम आणि एक संशोधन. वर्गातल्या नोट्स सगळीकडे सारख्याच. फरक पडतो तो फील्डवर्कवर देखरेख कोण करतं यानं. तू गेलेल्या दिवसाचं रेकॉर्डिंग तुझे सर किंवा मॅडम वाचतात का? दर आठवड्याला तुझ्याशी एकटीशी बसून बोलतात का? की सत्राच्या शेवटी सगळ्यांच्या वह्यांवर एकदम सह्या होतात? हे प्रवेशाच्या खिडकीवर कळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना कॅन्टीनमध्ये गाठून विचार. ‘मागच्या आठवड्यात तुमची वैयक्तिक चर्चा झाली का?’ एवढंच विचार. उत्तर द्यायच्या आधी त्या एकमेकींकडे बघून हसल्या तर ओळख.

तुळजापूरचं टिस १९८६ पासूनचं, ग्रामीण कामासाठीच काढलेलं, तेव्हा तुझ्या विषयाला ते जवळचं. प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो, त्याचे अर्ज पदवीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच सुटतात. त्यामुळे परीक्षा झाल्यावर बघू म्हणालीस तर वर्ष गेलंच. इंग्रजी तिथं लागतं, हे खरं. पण मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली मुलं पहिलं सत्र धडपडतात आणि दुसऱ्यात भांडायला लागतात, इंग्रजीतच. मुंबईत निर्मला निकेतन १९५५ पासून आहे, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून. कोल्हापूर-नागपूरलाही जुनी ठिकाणं आहेत. आणि तुझ्या अगदी हाताशी अंबाजोगाईला मानवलोकचं समाजकार्याचं महाविद्यालय आहे. मानवलोक १९८२ पासून त्याच भागात दुष्काळावर, बायकांच्या प्रश्नांवर काम करत आलीय. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत पेपर बहुधा मराठीत लिहिता येतो, प्रवेशाआधी विचारून घे.

दुरून करायचं तर इग्नूचं एमएसडब्ल्यूही आहे. नोकरी करणाऱ्या माणसाला ते ठीक. तू एकविशीची, तुला रोज कुणीतरी टोकणारं माणूस हवं. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून दे.

फीसाठी महाडीबीटीवर ओबीसीची शिष्यवृत्ती आणि फी-माफी दोन्ही बघ. पण कॉलेज आधी फी भरून घेतं की शिष्यवृत्ती येईपर्यंत थांबतं, हे लेखी विचार. इथं मुलं अडकतात. वसतिगृहासाठी समाजकल्याणची मुलींची सरकारी वसतिगृहं आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी कर.

आईला सांग की पहिल्या वर्षी मला मुंबईत ठेवू नकोस, अंबाजोगाईला किंवा तुळजापूरला ठेव. शनिवारी घरी येता येईल. नोकरीच्या वेळी मुंबईचा विषय निघेल तेव्हा निघेल.

आणि मामाला सध्या काहीच सांगू नकोस. तुझ्या ताईनं आजीला सांगितलं नव्हतं तसंच.

तिसरी पाळी

आप्पांचं बीएडही सोपं नाही हे त्यांना सांगा बरं का. बीएड झालं की टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर वाट बघत बसायचं. माझी बायको त्या रांगेत आहे. बीएड वाईट आहे असं म्हणत नाही, पण ‘कुठंतरी चिकटशील’ हे दिवस गेले.

रानवाट

अंबाजोगाईला जाणार असशील तर नुसतं कॉलेज बघून परत येऊ नकोस. स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जा. मोठं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हाभरातून माणसं येतात. समाजसेवा अधीक्षकांची खोली कुठं आहे ते विचार आणि बाहेरच्या बाकड्यावर तासभर बस. कोण येतं, काय मागतं, आतून काय घेऊन बाहेर पडतं ते बघ. लिहून काढ. आवडलं तर अर्ज भर. कंटाळा आला तर बीएडचा फॉर्म आहेच.

माळावरची

गुरुवारी कॉलेज लवकर सुटतं, मैत्रिणीला घेऊन जाते. काय दिसलं ते इथं लिहीन. ताई, सीयूईटीच्या अर्जाला कुठले दाखले लागतात?

केसपेपर

जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर (केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं असतं, राज्याचं चालत नाही), दहावी-बारावीची गुणपत्रकं, फोटो. नॉन-क्रीमीलेअर आजच टाक, सेतूत नंतर रांग लागते. आणि सगळीकडे नाव एकसारखं आहे का बघ, वेलांटीसकट.